आनंदीबाईंचे पेनसिल्व्हेनिया



अमेरिकेतील राज्यांची नावे पाठ करताना पेनसिल्व्हेनिया आले की पुष्कळांची जीभ अडखळते. पण या राज्याशी आपले नाते सुमारे एकशेचाळीस वर्षांचे आहे. ते जोडले डॉ. आनंदीबाई जोशी यांनी. या अंकात त्यांच्या चरित्राचे बोट धरून आम्ही तुम्हाला तिकडे नेणार आहोत.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. बायकोने शिकलेच पाहिजे हा गोपाळरावांचा हट्ट होता आणि तो अनेकदा फार कठोर होई. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, तो दहाच दिवस जगला. त्या काळी स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे सांगत नसत. आपणच डॉक्टर व्हायचे, असा निश्चय आनंदीबाईंनी केला.

न्यूजर्सी राज्यातील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांची हकीकत एका मासिकात वाचली आणि मदतीचा हात पुढे केला. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई पतीशिवाय कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. पुढे त्यांनी पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फिया शहरात प्रवेश घेतला.

फिलाडेल्फियाच का? याचे उत्तर तिथल्या इतिहासात आहे. १६८१ साली इंग्लंडच्या राजाने विल्यम पेन यांना हा मुलूख दिला. पेनसिल्व्हेनिया म्हणजे पेनचे अरण्य. पेन क्वेकर पंथाचे होते. या पंथाच्या प्रार्थनासभेत स्त्रियांनाही बोलण्याचा अधिकार असे. याच शहरात १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि याच शहरात १८५० साली, क्वेकर मंडळींच्या पुढाकाराने, स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आनंदीबाईंसाठी जे दार उघडले, त्याची चौकट अशी दोनशे वर्षांपूर्वी बसवली गेली होती.

आता नकाशा उघडा. पेनसिल्व्हेनिया आकाराने आपल्या तेलंगणापेक्षा थोडेच मोठे आहे. आपल्याकडे सिंगरेणीचा कोळसा, तर तिकडेही कोळशाच्या मोठ्या खाणी. त्या कोळशावर पिट्सबर्गचे पोलाद कारखाने उभे राहिले. मधून अपलाचियन पर्वतरांगा जातात. राजधानी हॅरिसबर्ग, पण सर्वांत मोठे शहर डेलावेअर नदीकाठचे फिलाडेल्फिया. हैदराबाद सुमारे १७ अक्षांशावर, तर फिलाडेल्फिया ४० वर. म्हणून तिथे हिवाळ्यात बर्फ पडते.

ती थंडी आनंदीबाईंच्या नाजूक प्रकृतीला सोसली नाही. तरीही आपला पेहराव आणि शाकाहार जपत त्यांनी अभ्यास पुरा केला. जपान आणि सीरिया या देशांतल्या विद्यार्थिनीही तिथे त्यांच्याबरोबर शिकत होत्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात आनंदीबाईंची नेमणूकही झाली.

पण ते काम त्यांच्या हातून व्हायचे नव्हते. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय पुरते बावीसही नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, आजही आनंदीबाईंच्या नावाचा दगड उभा आहे.

पालकांना आमची एक विनंती आहे. आज हैदराबादच्या कितीतरी घरांतली मुले अमेरिकेत शिकतात. त्या राज्याचा नकाशा मुलांसमोर ठेवाल तेव्हा ही गोष्टही सांगा. आनंदीबाईंना एकही रुग्णालय चालवता आले नाही. पण मुलगी समुद्र ओलांडून डॉक्टर होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या मुलींना पुढची वाट त्यामुळेच सोपी झाली, असे आम्हाला वाटते.