विमान शिकण्यासाठी आधी फ्रेंच शिकलेली बेसी कोलमन



सामान्य ज्ञानाची पुस्तकं चाळणाऱ्या मुलांना अमेलिया इअरहार्टचं नाव बहुतेक वेळा माहीत असतं. आज जिची गोष्ट सांगणार आहे, ती अमेलियाच्याच काळातली, अमेरिकेतलीच. दोघीही १९२१ मध्ये विमान शिकत होत्या. अमेलियाला आंतरराष्ट्रीय परवाना १९२३ मध्ये मिळाला, हिला त्याच्या दोन वर्षं आधी. तरी हिचं नाव मुलांपर्यंत पोचत नाही.

बेसी कोलमनचा जन्म २६ जानेवारी १८९२ चा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला. (आपल्या प्रजासत्ताक दिनामुळे तारीख लक्षात ठेवायला सोपी!) घरात तेरा भावंडं, ही दहावी. आईवडील कापसाच्या शेतात राबणारे. वडील कृष्णवर्णीय आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्याही वंशातले. बेसी नऊ वर्षांची असताना ते घर सोडून ओक्लाहोमाकडे निघून गेले. आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जाऊ लागली आणि धाकट्या बहिणींना सांभाळणं बेसीवर आलं. शाळा चार मैलांवर, एकच खोली, फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी. कापूस वेचणीच्या दिवसांत ती शाळासुद्धा बंद. ज्यांच्या वर्गातली मुलं वेचणीच्या दिवसांत गायब होतात, त्या शिक्षकांना हे काही वेगळं समजवायला नको. पण बेसी गणितात पक्की होती. वेचलेल्या कापसाचा हिशोब घरात तीच बघायची.

पुढे साठवलेल्या पैशांवर तिनं ओक्लाहोमातल्या लँगस्टनच्या महाविद्यालयात नाव घातलं. एका सत्रात पैसे संपले, परत यावं लागलं. १९१५ मध्ये ती भावांकडे शिकागोला गेली आणि एका केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखं कापून-घासून देण्याचं काम करू लागली. तिचा भाऊ जॉन पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आला होता. फ्रान्समधल्या बायका विमानं उडवतात, तुम्हाला ते काय जमणार, अशी तो तिची चेष्टा करायचा. बेसीनं ते मनावर घेतलं.

मात्र अमेरिकेतली एकही विमान शाळा तिला घेईना. ती बाई, त्यात कृष्णवर्णीय. तेव्हा 'शिकागो डिफेंडर' या वृत्तपत्राचे संस्थापक रॉबर्ट ॲबट यांनी तिला फ्रान्सला जायचा सल्ला दिला. शिकवणारे फ्रेंचमधून शिकवणार, म्हणून बेसीनं आधी फ्रेंच शिकून घेतलं. वय अठ्ठावीस, दिवसभर नोकरी आणि वर नवीन भाषा! नोव्हेंबर १९२० मध्ये ती बोटीनं निघाली.

उत्तर फ्रान्समधल्या ले क्रोतुआ या गावी कोद्रों बंधूंची शाळा होती. शिकायचं विमान म्हणजे निउपोर्ट, एकावर एक असे पंख असलेलं. लाकूड, तारा आणि कापड यांचा सांगाडाच म्हणा ना. त्यात ना गोल स्टिअरिंग, ना ब्रेक. हातात एक दांडा. तो पुढे रेटला की नाक खाली, मागे ओढला की नाक वर, बाजूला कलवला की विमान त्या बाजूला कलतं. पायांखाली आडवी पट्टी, ती दाबून शेपटीचं सुकाणू डावी-उजवीकडे फिरवायचं. उतरल्यावर शेपटीखालचा दांडा जमिनीवर घासत घासत विमान थांबायचं. शिकवणारा एका खोबणीत, शिकणारा दुसऱ्या खोबणीत. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नसे, त्यामुळे शिक्षकाचा दांडा जसा हलेल तसा आपला दांडा हलताना बघायचा आणि हाताला सवय लावायची. उडण्याआधी प्रत्येक वेळी सगळं विमान तपासायचं. अशीच विमानं उडवताना एक विद्यार्थी तिच्या डोळ्यांदेखत गेला. तरी तिनं शिकणं सोडलं नाही. दहा महिन्यांचा अभ्यासक्रम तिनं सात महिन्यांत संपवला आणि १५ जून १९२१ ला आंतरराष्ट्रीय परवाना मिळवला. असा परवाना मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

परत आल्यावर वृत्तपत्रांत नाव झालं, पण पोट भरायचं तर हवेतल्या कसरतीच दाखवाव्या लागणार होत्या. त्या शिकायला ती १९२२ मध्ये पुन्हा युरोपला गेली. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला न्यूयॉर्कजवळ तिचा पहिला मोठा प्रयोग झाला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात इंजिन बंद पडून विमान कोसळलं. पाय मोडला, बरगड्या मोडल्या. बरी झाल्यावर ती पुन्हा उडू लागली, ठिकठिकाणी व्याख्यानंही देऊ लागली. मनात एकच होतं: आपल्या लोकांसाठी विमान शाळा काढायची. पैशांची इतकी गरज असूनही, टेक्सासमध्ये गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना वेगळ्या फाटकांतून आत सोडायचं ठरलं तेव्हा तिनं उडायलाच नकार दिला. फाटक एकच झालं. आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या.

३० एप्रिल १९२६. फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल. दुसऱ्या दिवशी प्रयोग होता, म्हणून सराव चालला होता. विमान जुनं होतं, ते आणतानाही वाटेत बंद पडलं होतं. चालवत होता तिचा मेकॅनिक विल्यम विल्स. बेसीनं पट्टा बांधला नव्हता. 'का नाही बांधला?' असं मुलं हमखास विचारतील. तिला दुसऱ्या दिवशी पॅराशूटनं उडी मारायची होती आणि त्यासाठी वाकून खालचं मैदान बघायचं होतं. अचानक विमानानं सूर मारला, उलटलं आणि ती बाहेर फेकली गेली. पाठोपाठ विमान कोसळून विल्सही गेला. नंतर तपासात समजलं की एक सुटा पाना नियंत्रणाच्या यंत्रणेत अडकला होता. बेसी चौतीस वर्षांची होती.

तिची शाळा तिच्या हयातीत निघाली नाही. तीन वर्षांनी, १९२९ मध्ये, लॉस एंजलिसला विल्यम पॉवेल यांनी तिच्या नावानं विमान क्लब सुरू केला आणि तिथं कृष्णवर्णीय मुलं-मुली विमान शिकू लागली. १९९२ मध्ये मे जेमिसन अंतराळात गेल्या, तेव्हा त्यांच्या सामानात बेसीचा फोटो होता.