दिवा सगळ्यांना माहीत, चार्ट कुणाला?

उद्या सबमिशन, आज रात्री पीपीटी, हे आपलं ठरलेलंच. इन्सर्टमध्ये जायचं, चार्टवर क्लिक करायचं, पाय चार्ट टाकून रंग बदलायचे, झालं. या गोल चार्टची एक चुलत बहीण १८५८ मध्ये लंडनमध्ये छापली गेली, आणि तिच्यावर सैनिकांचे जीव अवलंबून होते. ती काढणारी बाई तुम्हाला शाळेच्या धड्यापासून माहीत आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल!

धड्यात ती हातात दिवा घेऊन फिरते. तिचं गणित मात्र धड्यात येत नाही. १२ मे १८२० ला इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात जन्म झाला, म्हणून नावही तेच. घर श्रीमंत इंग्रजांचं. वडिलांनी मुलींना घरीच शिकवलं आणि फ्लॉरेन्सला आकड्यांचं वेड लागलं. नर्स व्हायचं म्हटल्यावर मात्र घरात महाभारत घडलं. तेव्हा बड्या घरच्या मुलीने हॉस्पिटलात राबणं म्हणजे अब्रूचा प्रश्न! कित्येक वर्षं गेली, पण हिने हट्ट सोडला नाही.

क्रिमियन युद्ध सुरू असताना, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ती ३८ नर्सेस घेऊन स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. स्कुटारी म्हणजे आजच्या इस्तंबूलचा एक भाग. इमारतीखाली तुंबलेली गटारं, वर कॉलरा, जुलाब, टायफस. नर्सेस जीव तोडून राबत होत्या, तरी त्या हिवाळ्यात मरणारे वाढतच गेले. मार्च १८५५ मध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. त्याने गटारं साफ केली, पाणी आणि खेळती हवा यांची सोय केली. मग आकडे खाली आले.

१८५६ मध्ये ती परतली तेव्हा सगळा देश तिच्यावर फिदा होता. तिने सत्कार टाळले आणि मृत्यूच्या नोंदी घेऊन संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत हिशेब मांडायला बसली. एकट्या जानेवारी १८५५ चा हिशेब बघा: टाळता आले असते अशा रोगांनी २,७६१ मृत्यू, जखमांनी ८३, इतर कारणांनी ३२४. म्हणजे शत्रूपेक्षा गटार महाग पडलं होतं.

पण युद्धात रोगराई चालायचीच, असं मानणारे वजनदार लोक कमी नव्हते. नुसतं टेबल दिलं असतं तर त्यांनी पान उलटलं असतं. (आपणही उलटतोच की!) म्हणून तिने चित्र काढलं. वर्षाचे बारा महिने म्हणजे वर्तुळाचे बारा सारखे भाग, प्रत्येक ३० अंशांचा. रोगांना निळा रंग, जखमांना लाल, बाकी कारणांना काळा. आपल्या पाय चार्टमध्ये कोन बदलतो आणि त्रिज्या तीच राहते. इथे बरोबर उलटं, कोन तोच आणि त्रिज्या बदलते.

खरी गंमत पुढे आहे. आधीच्या एका आकृतीत तिने आकडे लांबीने दाखवले होते. पण डोळा लांबी बघत नाही, रंगाचा पसारा बघतो. जानेवारीचे रोगबळी जखमांच्या ३३ पट. तेवढीच त्रिज्या वाढवली तर निळा भाग हजारपटींहून मोठा दिसेल. ही तर फसवणूक झाली, भले हेतू कितीही चांगला असो. म्हणून नव्या आकृतीत आकडा क्षेत्रफळाला जोडला. वर्गमूळ काढलं की निळी त्रिज्या लालच्या जेमतेम पावणेसहा पट भरते. तरी निळाच अंगावर येतो! एक्सेलच्या रेडीमेड चार्टांत हा प्रकार आजही सापडत नाही, खटपट करून जमवावा लागतो. करून बघायचा असेल तर आधी वर्गमूळ काढा.

त्याच १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतलं. तिथली ती पहिली बाई. पुढची कित्येक वर्षं ती आजारी होती, बहुतेक काम खोलीतूनच चाललं. तरी लष्करी बराकी, हॉस्पिटलं, नर्सिंगची शाळा यांचा पिच्छा तिने सोडला नाही.

मग तिने भारत घेतला. इथल्या छावण्यांना छापील प्रश्नावल्या गेल्या, पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, आणि १८६३ मध्ये राजआयोगाचा जाडजूड अहवाल निघाला. तिच्या टिपणात चित्रंही होती. भारतात ती कधीच आली नाही. पण उतारवयात पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. विषय, आपल्या खेड्यांतली स्वच्छता.