संग्राहक कै. डॉ. दिनकर गंगाधर केळकर

राज्ये मिळविणाऱ्यांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात. परंतु लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू जन्मभर जपणाऱ्याचे चरित्र क्वचितच कोणी सांगतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक कै. डॉ. दिनकर गंगाधर केळकर हे असे एक थोर गृहस्थ होत. उमापूर परिसरातील आपल्या ज्ञातिबांधवांनी त्यांचे चरित्र अवश्य मनात आणावे, असे आम्हांस वाटते.

केळकरांचा जन्म 1896 साली झाला. चष्म्याचे दुकान हा त्यांचा व्यवसाय, तर कविता हा छंद. 'अज्ञातवासी' या नावाने ते काव्यलेखन करीत. सुमारे 1920 पासून त्यांना जुन्या वस्तूंचा ध्यास लागला. पदरचा पैसा खर्चून ते गावोगाव हिंडले. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे आणि शस्त्रे त्यांनी घराघरांतून मिळविली. या कार्यात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. एकुलता एक पुत्र राजा बालवयातच निवर्तला. त्या दुःखाने ते खचले नाहीत. संग्रहालयास त्यांनी मुलाचेच नाव दिले. पुढे हजारो वस्तूंचा हा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. 1990 साली ते कैलासवासी झाले.

त्यांच्या संग्रहातील शस्त्रे पाहताना आपल्या घरांतील ठासणीच्या बंदुकांचे स्मरण आम्हांस होते. कित्येक घरांतून त्या माळ्यावर गंजत आहेत, कित्येक भंगारात गेल्या. ज्या उरल्या त्यांविषयी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट काळाची. तोडेदार बंदुकीत जळती वात दारूस लागते. चकमकीच्या बंदुकीत गारेची ठिणगी पडते. टोपीच्या बंदुकीत घोडा तांब्याच्या टोपीवर आपटतो. टोपीची रीत 1820 नंतर रूढ झाली, म्हणून अशी बंदूक शिवकालीन असूच शकत नाही. उलट तोडेदार बंदुका आपल्या देशी एकोणिसाव्या शतकातही बनत. तेव्हा केवळ तोडा पाहून तिला शिवकालीन म्हणू नये. कंपनी सरकारच्या बंदुकीवर घोड्याजवळील पत्र्यावर सिंहाची आकृती व पुष्कळदा साल आढळते. मात्र तो पत्रा मागाहून बदललेला असू शकतो.

दुसरी गोष्ट मोलाची. बंदूक कोणाची, कोठून आली, कोणी वापरली, ही हकीकत ठाऊक असेल व तिचे मूळ रूप कायम असेल, तर मोल वाढते. चिंच, राख वा विटकरीने घासून चकाकी आणली की जुने नक्षीकाम व खुणा कायमच्या जातात.

तिसरी गोष्ट जपणुकीची. जुन्या नळीत पूर्वजांनी भरलेला बार तसाच असू शकतो व दारू मरतेच असे नाही. म्हणून प्रथम जाणत्याकडून नळी रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी. कानाजवळ विस्तव नेऊ नये. नंतर मऊ फडक्याने धूळ पुसून लोखंडास तेलाचा पातळ हात द्यावा व कोरड्या जागी ठेवावी. घामट हात लावू नये.

चौथी गोष्ट कायद्याची. उडू शकणारी बंदूक परवान्यावाचून बाळगणे हा अपराध होय. दुरुस्त करूनही जी उडणार नाही अशा जुनाट बंदुकीस 1959 च्या शस्त्र कायद्यात सूट आहे. परंतु आपली बंदूक कोणत्या प्रकारात मोडते हे अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे.

केळकरांनी दुसऱ्यांच्या घरांतील वस्तूंसाठी आयुष्य वेचले. आपण निदान आपल्या घरची एक वस्तू व तिची हकीकत जपू या. घरातील वृद्धांस आजच विचारून ती एका कागदावर लिहून ठेवावी. ते गेल्यावर विचारण्यास कोणी उरत नाही.