बोंडअळीच्या आधीचा इशारा : रेचेल कार्सन

रेचेल कार्सन हे नाव निघाले की डीडीटी आणि मरून पडलेले पक्षी आठवतात. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकाची तीच ओळख झाली. पण त्या पुस्तकात आणखी एक इशारा होता आणि तो आपल्या कापूस पट्ट्याला थेट लागू पडतो. एकच विष सगळीकडे आणि सतत वापरले, तर कीड त्याला पुरून उरते.

कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल या गावी झाला. पाखरे, झाडे न्याहाळण्याची गोडी आईने लावली. लेखिका व्हायचे म्हणून त्या कॉलेजात गेल्या आणि तिथे जीवशास्त्राकडे वळल्या. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्रात एम. ए. केले. पुढे शिकायचे होते, पण दिवस मंदीचे होते. १९३५ मध्ये वडील गेले आणि त्यांनी सरकारी मत्स्य विभागात नोकरी धरली. दोनच वर्षांनी बहीण वारली. तिच्या दोन मुली कार्सन आणि त्यांच्या आईने वाढवल्या. त्यांतली एक भाचीही १९५७ मध्ये गेली, तेव्हा तिच्या पाच वर्षांच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. ‘द सी अराउंड अस’ हे समुद्रावरचे पुस्तक १९५१ मध्ये खूप गाजले आणि पुढच्या वर्षी नोकरी सोडून त्या पूर्णवेळ लिहू लागल्या.

डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये पॉल म्यूलर यांनी शोधला. उवांमुळे पसरणारा टायफस आणि डासांमुळे होणारा मलेरिया यांवर ते वरदान ठरले. १९४८ मध्ये म्यूलर यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र त्याआधीच युरोपात काही ठिकाणी घरमाश्या डीडीटीने मरेनाशा झाल्या होत्या. पुढे डास आणि उवाही त्याच वाटेने गेल्या. कार्सन यांनी या नोंदी चिकाटीने गोळा केल्या. १९४५ पूर्वी विषाला न जुमानणाऱ्या कीटकांच्या जेमतेम डझनभर जाती माहीत होत्या. १९६० पर्यंत त्या १३७ झाल्या होत्या.

एकटी अळी विष पचवायला शिकत नाही, तिला विषाची ‘सवय’ही होत नाही. लाखो अळ्यांमध्ये काही मोजक्यांत जन्मतःच असा फरक असतो की विष त्यांना बाधत नाही. फवारणीत बाकीच्या मरतात, या उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. जिवाणू प्रतिजैविकांना दाद देत नाहीत तेव्हा रुग्णालयात आम्ही हाच प्रकार पाहतो.

पुस्तक लिहीत असतानाच, १९६० मध्ये, कार्सन यांच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची आहे, हे त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले नाही. काही महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर खरे कळले. किरणोपचार घेत त्यांनी पुस्तक पुरे केले. विरोधकांच्या हाती कोलीत नको म्हणून आजार लपवून ठेवला. रसायन उद्योगाने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने त्यांच्या म्हणण्याला बऱ्याच अंशी दुजोरा दिला. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सरसकट बंदी त्यांनी मागितली नव्हती. शेवटच्या प्रकरणात त्यांनी दुसरे मार्ग सुचवले. प्रयोगशाळेत वांझ केलेले नर सोडणे हा त्यांतला एक. किडीला रोग आणणारे जिवाणू वापरणे हा दुसरा. अशा जिवाणूंपैकी एक होता बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे आपला ‘बीटी’. तेव्हा त्याची फवारणी करून पाहिली जात होती. त्याचे जनुक पिकात घालणे दूर होते.

ते जनुक घातलेला कापूस भारतात २००२ मध्ये आला. सुरुवातीला बोंडअळीसाठीच्या फवारण्या घटल्या. मग २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देत नसल्याचे जाहीर झाले आणि २०१७ मध्ये विदर्भातला कापूस तिने पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती फवारणी केवळ या अळीसाठी नव्हती. पण बियाण्यातले संरक्षण संपले की माणूस पुन्हा पाठीवरच्या पंपाकडे वळतो आणि त्याची किंमत त्याचे शरीर मोजते.

विष वाहून नेणारे आता झाड होते, नियम मात्र तोच राहिला. म्हणून तर ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जात असे. त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर व्हावा आणि प्रतिकार लवकर पसरू नये, हा हेतू होता. बहुतेकांनी ते पेरलेच नाही. फरदडीमुळे अळीला हंगाम संपल्यावरही खायला मिळत राहिले. अमेरिकेत मात्र बिगर-बीटी कापसाचे पट्टे राखले गेले. पुढे बीटी कापसाला वांझ पतंग सोडण्याची जोड दिली गेली आणि २०१८ मध्ये तिथल्या कापसातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. कार्सन यांनी सुचवलेल्या दोन्ही वाटा तिथे एकत्र आल्या.

आपल्याकडेही वेळेवर पऱ्हाट्या उपटणे, फरदड न घेणे आणि कामगंध सापळे लावणे हे उपाय हाताशी आहेत. मात्र एकट्या शेतकऱ्याने ते करून भागत नाही. पतंग बांध ओळखत नाही, त्यामुळे सगळ्या गावाने मिळूनच ते करावे लागतात.