विश्लेषण : बॉयलर तपासणाऱ्या यंत्रातून सोनोग्राफी… कोण होते इयान डोनाल्ड?

चाकण, भोसरीच्या कारखान्यांत कास्टिंगमध्ये पोकळी आहे का, वेल्डिंगला तडा आहे का, हे भाग न फोडता ध्वनिलहरींनी तपासले जाते. लहान मुलांच्या छातीतला न्यूमोनियाही आता याच तत्त्वावर शोधता येतो. कारखाना आणि दवाखाना यांना जोडणारा दुवा म्हणजे ब्रिटिश स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड.

सुरुवात कुठून झाली?

डोनाल्ड यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉलचा. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ते डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असताना पेटलेल्या विमानातून सैनिकांना बाहेर काढल्याबद्दल त्यांचा सन्मान झाला. युद्धानंतर त्यांनी श्वास न घेणाऱ्या नवजात बाळांसाठी कृत्रिम श्वसनयंत्रे तयार केली.

कारखान्यात काय घडले?

१९५४ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले. २१ जुलै १९५५ रोजी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून ते बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर कंपनीत गेले. तिथे धातूतील दोष शोधणारे यंत्र त्यांनी गाठींवर लावून पाहिले. पाणी भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे आले. पुढे अभियंता टॉम ब्राऊन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकार यांच्यासह त्यांनी रुग्णांसाठी यंत्र घडवले. पोटाचा असाध्य कर्करोग समजलेल्या एका महिलेला प्रत्यक्षात अंडाशयाची साधी गाठ असल्याचे त्यातून दिसले आणि तिचे प्राण वाचले. १९५८ मध्ये हे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

मग फुफ्फुस मागे का राहिले?

हवा ध्वनिलहरी परतवते. त्यामुळे हवेने भरलेल्या फुफ्फुसाच्या आतले दिसत नाही. मात्र न्यूमोनियात हवेची जागा द्रव घेतो, लहरी आत शिरतात आणि तो भाग यकृतासारखा भरीव दिसतो. मुलांची छाती लहान, तिची भिंत पातळ. म्हणून चित्र स्पष्ट येते. एक्स-रेसारखा किरणोत्सर्गही नाही. मर्यादा अशी की, फुफ्फुसाच्या पृष्ठभागापर्यंत न पोहोचलेला खोलवरचा दोष सुटू शकतो.

भारतातील विरोधाभास काय?

डोनाल्ड गर्भपाताचे कडवे विरोधक होते. १९ जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. भारतात मात्र त्यांच्या शोधाचा गर्भलिंग निदानासाठी गैरवापर झाला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. म्हणूनच आज केवळ मुलांची छाती तपासायची असली, तरी सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

यंत्राआधी श्वास मोजावा. मूल शांत असताना, २ ते १२ महिन्यांच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, तर १ ते ५ वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर तातडीने दवाखाना गाठावा.