दोन फियाटमधून घडलेली एक मोटार : जॉन कूपर यांची जीवनकथा

दुसरे महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झाले होते. इंग्लंडमध्ये पेट्रोलवर नियंत्रण होते, नवे पोलाद सहजासहजी मिळत नव्हते आणि शर्यतीची मोटार बाळगणे ही मूठभर धनिकांची चैन होती. अशा १९४६ सालच्या उन्हाळ्यात, लंडनच्या नैर्ऋत्येस असलेल्या सर्बिटन येथील एका गॅरेजमध्ये, एक तरुण फियाट टोपोलिनो या चिमुकल्या इटालियन मोटारीचा पुढचा भाग कापून काढत होता. एका नव्हे, दोन मोटारींचा. हा तरुण म्हणजे पुढे फॉर्म्युला वन शर्यतींचा चेहरामोहरा बदलणारे जॉन कूपर.

कूपर यांचा जन्म १७ जुलै १९२३ रोजी झाला. गॅरेज त्यांचे वडील चार्ल्स यांचे होते. चार्ल्स हे महायुद्धापूर्वी के डॉन या प्रसिद्ध शर्यतपटूचे मेकॅनिक होते. त्यामुळे हत्यारे आणि इंजिने यांची ओळख जॉन यांना लहानपणीच झाली. पंधराव्या वर्षी शाळा सोडून त्यांनी अवजारे घडविणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी पत्करली.

युद्धानंतर ब्रिस्टलमधील हौशी मंडळींनी ५०० सीसी क्षमतेच्या स्वस्त शर्यतमोटारींची कल्पना पुढे आणली. मोटारसायकलचे इंजिन, जुन्या मोटारीचे सुटे भाग आणि स्वतःची मेहनत, एवढ्याच भांडवलावर शर्यतीत उतरता यावे, हा तिचा हेतू. जॉन आणि त्यांचे मित्र एरिक ब्रँडन यांनी ती उचलून धरली. इंजिन जे.ए.पी. कंपनीचे, एका सिलिंडरचे निवडले. प्रश्न चाकांच्या जोडणीचा होता. टोपोलिनोच्या पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते. आडवा बसविलेला लोखंडी पाटा चाकांना वरून धरत असे, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे फारसे हलत नसे. मागच्या चाकांनाही अशीच व्यवस्था हवी असेल तर सोपा उपाय कोणता? दुसऱ्या टोपोलिनोचाही पुढचाच भाग घ्यावा आणि दोन्ही भाग पाठीला पाठ लावून वेल्डिंगने जोडावेत! कूपर पितापुत्रांनी नेमके हेच केले.

इंजिन कोठे बसवावे, याचा निर्णय साखळीने केला. मोटारसायकलचे इंजिन गिअरबॉक्सला आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांना साखळीने जोडायचा, तर इंजिन त्या चाकांजवळ असणेच सोयीचे. म्हणून ते चालकाच्या पाठीमागे, मागच्या आसाच्या पुढे बसले. त्यामागे कोणताही गहन सिद्धांत नव्हता, हे कूपर पुढे मोकळेपणाने मान्य करीत. इंजिन मागे ठेवणारे ते पहिलेही नव्हेत. जर्मनीत फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनच्या अवाढव्य मोटारींत तीसच्या दशकातच हे केले होते. मात्र त्या मोटारी ताब्यात ठेवणे भल्याभल्यांना जड जाई.

कूपर यांची मोटार हलकी होती आणि तेथेच या रचनेचे खरे गुण दिसले. खांद्यावर भरलेली कावड घेऊन वळणाऱ्या माणसाला दोन्ही टोकांचे ओझे मागे खेचते. तेच ओझे कमरेशी धरले तर तो चटकन वळतो. इंजिन मधोमध आले की मोटारही अशीच वळते. शिवाय इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांबलचक फिरता दांडा लागत नाही, चालक खाली बसू शकतो, मोटार बुटकी होते आणि वाऱ्याचा अडथळा घटतो.

१९४८ मध्ये स्टर्लिंग मॉस या नवोदिताने कूपर ५०० विकत घेतली आणि मोटारीचा बोलबाला झाला. मात्र इटालियन कारखान्यांच्या लेखी ही अद्याप गॅरेजातली खेळणीच होती. १९५० च्या मोनॅको ग्रां प्रीमध्ये हॅरी शेल यांनी कूपर उतरविली. जागतिक अजिंक्यपद मालिकेतील ही पहिली मागच्या इंजिनाची मोटार पहिल्याच फेरीत झालेल्या मोठ्या अपघातात बाद झाली.

पुढे इंजिने मोठी झाली, पण जुन्या मोटारींचे भाग वापरण्याची रीत सुटली नाही. कोव्हेंट्री क्लायमॅक्स इंजिनाला जोडलेला गिअरबॉक्स मूळचा सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हांचा होता. पुढची चाके फिरविणारी ही मोटार. तिची पेटी उलटी करून मागे बसविली की काम भागत असे.

१९ जानेवारी १९५८ रोजी अर्जेंटिना ग्रां प्रीमध्ये मॉस ही मोटार घेऊन उतरले. इंजिन दोन लिटरहूनही कमी, तर समोर फेरारीची अधिक शक्तिशाली इंजिने. कूपरची चाके प्रत्येकी चार बोल्टांवर बसविलेली असल्याने टायर बदलण्यात बराच वेळ जाणार, हे सर्वांनाच ठाऊक होते. मॉस यांच्या सहकाऱ्यांनी टायर बदलण्याची तयारी चालल्याचे नाटक केले आणि मॉस थांबलेच नाहीत. अखेरीस टायरचे रबर झिजून आतले कापड दिसू लागले. तीन सेकंदांहूनही कमी फरकाने ते जिंकले. मागच्या इंजिनाचा हा अजिंक्यपद मालिकेतील पहिला विजय.

१२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेत सेब्रिंग येथे कूपरच्या जॅक ब्रॅबम यांच्या मोटारीतील पेट्रोल शेवटच्या फेरीत संपले. त्यांनी मोटार ढकलत अंतिम रेषा गाठली. त्यांचा २२ वर्षांचा सहकारी ब्रूस मॅक्लॅरन शर्यत जिंकला आणि चौथे आलेले ब्रॅबम जगज्जेते ठरले. त्या विजेत्या मोटारीच्या मागच्या बाजूस अजूनही आडवा पाटाच होता. टोपोलिनोचा वारसा!

पुढच्याच वर्षी लोटसचे कॉलिन चॅपमन मागच्या इंजिनाची अधिक सफाईदार मोटार घेऊन आले. जॉन यांना पाट्याऐवजी गुंडाळी स्प्रिंग हवी होती, काटकसरी चार्ल्स यांचा त्याला विरोध. जॉन यांचे म्हणणे खरे ठरले. नव्या मोटारीने ब्रॅबम यांनी १९६० मध्ये सलग पाच शर्यती जिंकून पुन्हा विजेतेपद मिळविले. त्यानंतर मात्र कूपर मागे पडले. फेरारीनेही १९६१ मध्ये इंजिन मागे नेले आणि ब्रॅबम स्वतःच्या मोटारी बांधण्यासाठी निघून गेले. गॅरेजच्या जुगाडाने दाखविलेल्या वाटेवर आता अभियंते आणि मोठे भांडवल धावू लागले होते.

कूपर यांचे नाव सामान्य माणसाच्या घरी पोहोचले ते मात्र पुढे इंजिन असलेल्या मोटारीमुळे. मित्र अॅलेक इसिगोनिस यांच्या मिनीत त्यांना शर्यतीचा दम दिसला. १९६१ मध्ये आलेल्या मिनी कूपरने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली.

जोडकामाचा छंद अखेर त्यांच्या अंगाशी आला. पुढे एक आणि मागे एक, अशी दोन इंजिने बसविलेली प्रायोगिक मिनी चालवीत असताना १९६३ मध्ये त्यांना भीषण अपघात झाला. ते गंभीर जखमी झाले. १९६४ मध्ये वडील वारले आणि १९६५ मध्ये जॉन यांनी शर्यतीचा संघ विकून टाकला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कूपर हे नाव फॉर्म्युला वनमधून नाहीसे झाले.

उरलेले आयुष्य त्यांनी ससेक्सच्या किनाऱ्यावर, फेरिंग येथे गॅरेज चालवीत काढले. २४ डिसेंबर २००० रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रेटर नोएडा येथे भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा उतरलेल्या चोवीसही मोटारींचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते.