चार्ल्स लँब व त्याची भगिनी

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस इंग्रजीच्या तासाला शेक्सपीअरचें एखादें नाटक अभ्यासावें लागतें, आणि मूळ नाटक कठीण वाटल्यास पुष्कळजण प्रथम ‘टेल्स फ्रॉम शेक्सपीअर’ हें कथांचें पुस्तक हातीं घेतात. हॅम्लेट, पोर्शिया व लिअर राजा यांची पहिली ओळख या पुस्तकानें कित्येक पिढ्यांना करून दिली आहे. परंतु तें कोणत्या घरांत लिहिलें गेलें, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. म्हणून त्याच्या कर्त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चार्ल्स लँब याचा जन्म लंडन शहरीं ता. १० फेब्रुवारी १७७५ रोजीं झाला. त्याचा बाप एका बॅरिस्टराच्या पदरीं कारकून व चाकर होता. बहीण मेरी ही चार्ल्सपेक्षां दहा वर्षांनीं मोठी. सातव्या वर्षीं त्याला क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेंत घातलें. तेथें, पुढें कवि म्हणून प्रसिद्धीस आलेला कोलरिज हा त्याचा सोबती होता. लँब अभ्यासांत हुशार होता खरा, पण बोलतांना अडखळे. त्यामुळें विश्वविद्यालयाचा मार्ग त्याला बंद झाला व चौदाव्या वर्षीं शाळा सोडावी लागली. १७९२ सालीं तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरींत कारकून झाला. १८१८ सालीं ज्या कंपनीनें पेशवाई बुडविली, तिच्याच मालाच्या हिशेबवह्यांत हा लेखक तेव्हां आंकडे मांडीत बसला होता.

ता. २२ सप्टेंबर १७९६ रोजीं त्या घरावर घोर प्रसंग ओढवला. म्हातारा बाप, आजारी आई व पोटासाठीं चालविलेलें शिवणकाम यांच्या भारानें मेरीच्या मनाचा तोल सुटला, आणि वेडाच्या भरांत तिच्या हातून सुरीनें आईची हत्या झाली. भाऊ धांवत आला, पण हातांतील सुरी हिसकून घेण्यापलीकडे त्याला कांहीं करतां आलें नाहीं. चौकशींत तें कृत्य वेडाच्या भरांत घडलें असा निर्णय झाला. मेरीस कायमची वेड्यांच्या इस्पितळांत ठेवावी असें थोरल्या भावाचें मत होतें. परंतु एकवीस वर्षांच्या चार्ल्सनें तिची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली व ती अखेरपर्यंत वाहिली. तो अविवाहित राहिला. तिचें दुखणें वरचेवर उलटे. त्याचीं चिन्हें दिसूं लागलीं कीं दोघें बहीणभाऊ रडत रडत इस्पितळाची वाट चालूं लागत, आणि ती बरी झाली कीं तो तिला पुन्हा घरीं आणी.

अशा घरांत तें पुस्तक तयार झालें. गॉडविन नांवाच्या ग्रंथकारानें व त्याच्या पत्नीनें मुलांसाठीं पुस्तकें छापण्याचा धंदा काढला होता. त्यांच्याकरितां या दोघांनीं वीस नाटकांच्या कथा लिहिल्या. त्यांपैकीं चौदा मेरीच्या आहेत. लिअर, मॅक्बेथ, हॅम्लेट, ऑथेल्लो इत्यादि सहा शोकान्त कथा तेवढ्या चार्ल्सच्या. याच सुमारास, डिसेंबर १८०६ मध्यें, चार्ल्सचें स्वतःचें एक प्रहसन ड्रुरी लेन रंगभूमीवर आलें व पहिल्याच रात्रीं पडलें. प्रेक्षक हुर्यो करूं लागले, तेव्हां तोही त्यांत सामील झाला!

१८०७ सालीं कथा प्रसिद्ध झाल्या. प्रस्तावनेंत असें सुचविलें आहे कीं, हें पुस्तक विशेषतः मुलींसाठीं आहे. कारण वडिलांचें ग्रंथालय मुलांना लौकर उघडें होतें, मुलींना होत नाहीं. तरी भावांनीं कठीण जागा आपल्या बहिणींना समजावून द्याव्या आणि मूळांतील निवडक उतारे वाचून दाखवावे. पण ज्या बहिणीनें बहुतेक पुस्तक लिहिलें, तिचें नांव त्यावर घातलें नव्हतें; तें प्रथम १८३८ च्या आवृत्तीवर आलें.

लँबनें पुढें ‘इलिया’ या टोपण नांवानें लिहिलेले निबंध इंग्रजी वाङ्मयांत अमर झाले. तेहतीस वर्षांच्या चाकरीनंतर १८२५ सालीं त्याला पेन्शन मिळालें. ता. २७ डिसेंबर १८३४ रोजीं एडमंटन येथें तो वारला. मेरी त्यानंतर बारा वर्षांहून अधिक जगली. ती १८४७ सालीं वारल्यावर तिला भावाच्याच थडग्यांत पुरलें.

आमच्या विद्यार्थ्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, या कथा नाटकाच्या दारापर्यंत पोंचविण्यासाठीं लिहिल्या आहेत, नाटकाच्या ऐवजीं वाचण्यासाठीं नव्हेत. परीक्षेपुरती कथा वाचून जो मूळ नाटक मिटून ठेवतो, तो दारांतूनच परत फिरतो. आणि ज्याच्या घरीं पुस्तकापासून वंचित राहिलेली बहीण असेल, त्यानें आज वर्गांत वाचलेला प्रवेश संध्याकाळीं तिला वाचून दाखवावा. त्या प्रस्तावनेंतील विनंति अद्याप शिळी झालेली नाहीं.